अभ्यागत विद्वान आणि दूरदेशांचे संबंध

१. प्रश्नाचे स्वरूप

दोन राष्ट्रांमध्ये मैत्रीचा करार झाला, म्हणजे त्यात शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाणीचे एखादे कलम बहुधा असतेच. त्या कलमान्वये इकडचे काही प्राध्यापक तिकडे जातात, तिकडचे काही इकडे येतात. व्याख्याने होतात, अहवाल छापले जातात आणि उभय देशांतील स्नेहबंध दृढ झाल्याचे जाहीर केले जाते. हे स्नेहबंध खरोखरी दृढ होतात काय, आणि होत असल्यास कोणत्या मार्गाने, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील, विशेषतः सोलापूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशाशी निगडित अशा काही उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम अभ्यागत विद्वान कोणास म्हणावयाचे, हे स्पष्ट केले पाहिजे. राजदूत हा आपल्या राज्याचा मुखत्यार असतो; तो जे बोलतो ते त्याचे राज्य बोलते. प्रवासी हा स्वतःपुरता असतो. तो जे पाहतो ते त्याच्या प्रवासवर्णनात राहते. अभ्यागत विद्वान या दोहोंच्या मधला होय. त्याला बोलावणारी एक संस्था असते, पाठविणारी दुसरी असते, आणि पुष्कळदा या दोहोंच्या पाठीमागे दोन सरकारे उभी असतात. त्याचे काम मात्र सरकारी नसते. पोथी वाचणे, रोगी तपासणे, बोली टिपून घेणे अशा स्वरूपाचे ते असते. राज्याचे हित आणि विद्येचे हित यांची अशी सांगड पडल्यामुळेच या व्यवहारास सामर्थ्य येते, आणि त्यामुळेच त्यास धोकाही संभवतो.

हा व्यवहार टिकाऊ ठरतो की नाही, हे तीन गोष्टींवरून पारखता येते. केलेल्या कामाचे श्रेय कोणाच्या नावे मांडले गेले, ही पहिली. अभ्यागताने यजमानांची भाषा कितपत आत्मसात केली, ही दुसरी. आणि त्याच्या येण्याचा हेतू उघड होता की झाकलेला, ही तिसरी. पुढील विवेचनात या तीन कसोट्या क्रमाने लावून पाहिल्या आहेत.

२. द्रव्याचा उगम

तत्पूर्वी, अशा देवाणघेवाणीस लागणारा पैसा कोठून येतो, याकडे ओझरती दृष्टी टाकणे इष्ट होईल. विसाव्या शतकातील यांपैकी काही प्रसिद्ध योजनांचा जन्म, आश्चर्य वाटेल पण, येणे असलेल्या रकमांतून झाला आहे. चीनमधील बॉक्सर बंडानंतर त्या देशावर लादलेल्या खंडणीपैकी काही भाग अमेरिकेने १९०८ साली सोडून दिला आणि तो चिनी विद्यार्थ्यांच्या अमेरिकेतील शिक्षणाकडे वळविला. पेकिंगची त्सिंगह्वा ही संस्था १९११ साली त्यातूनच निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेले अमेरिकेचे युद्धसाहित्य विकून आलेला पैसा त्या त्या देशाच्या चलनातच अडकून पडला होता. तो विद्वानांच्या जाण्यायेण्यावर खर्च करावा, अशी तरतूद १९४६ च्या फुलब्राइट कायद्याने केली. भारताशी त्या स्वरूपाचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला.

पुढे भारताने अमेरिकेकडून घेतलेल्या धान्याची किंमत रुपयांत भरावयाची व्यवस्था सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० अन्वये झाली. हे रुपये अमेरिकेस आपल्या देशी नेता येत नव्हते. त्यांतून १९६२ पासून अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेण्यात येऊ लागली आणि त्यांत मराठी पुस्तकेही होती. १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेसही याच रुपयांचा मोठा आधार होता, आणि तिचे भारतातील पहिले ठाणे पुण्यास होते. गव्हाचे मोल अशा रीतीने कोशांच्या व व्याकरणांच्या रूपाने फिटले, असे म्हणावयास हरकत नाही. फुलब्राइट योजनेचा खर्च उभय राष्ट्रांनी सारखा उचलावा आणि तिच्या नावात नेहरूंचे नाव जोडावे, असे ठरावयास २००८ साल उजाडावे लागले. ज्याच्या पैशाने प्रवास होतो, त्याच्या जिज्ञासेनेच विषय ठरतो, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

३. श्रेयाची कसोटी : धर्मानंद कोसंबी

महाराष्ट्राच्या परिसरातून परदेशी विद्यापीठात निमंत्रित म्हणून गेलेल्या आरंभीच्या विद्वानांत धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ असे फिरत सिंहलद्वीपास पोहोचले आणि तेथे व पुढे ब्रह्मदेशात राहून त्यांनी पालीचे परंपरागत अध्ययन केले. हे अध्ययन ग्रंथांवरून करावयाचे नव्हते. जेथे पाली वाङ्मय भिक्षूंच्या मुखी जिवंत होते तेथे ते झाले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून काम करण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपयांचे वेतन बांधून दिले.

हार्वर्ड विद्यापीठात त्या वेळी बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाचे काम अडून राहिले होते. हेन्री क्लार्क वॉरन यांनी त्याची संहिता सिद्ध करण्यास आरंभ केला होता. परंतु १८९९ साली त्यांचे निधन झाले. त्या विद्यापीठातील जेम्स वुड्स हे भारतात आले असता कोसंबींची व त्यांची गाठ पडली, आणि त्यांच्या निमंत्रणावरून १९१० साली कोसंबी अमेरिकेस गेले. पुढील काळात त्यांनी हार्वर्डच्या एकंदर चार वाऱ्या केल्या. सोव्हिएत संघातील प्रख्यात बौद्धविद्यापंडित श्चेर्बात्स्की यांच्या परिवारातही त्यांनी १९२९-३० च्या सुमारास लेनिनग्राड येथे काम केले. ज्या दोन राष्ट्रांत पुढे अर्धे शतक वैर नांदले, त्या दोघांनाही हा एकच गोमंतकीय पंडित हवासा वाटला होता.

परंतु श्रेयाच्या कसोटीवर हे उदाहरण सरळ उतरत नाही. संपादनाचे श्रेय कसे विभागावयाचे, यावरून हार्वर्ड प्राच्यमालेचे संपादक लॅनमन आणि कोसंबी यांच्यात मतभेद झाले, आणि कोसंबींनी पहिल्या वारीत केलेले काम तसेच पडून राहिले. त्यांनी स्वतः सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून बाहेर पडली. हार्वर्डची आवृत्ती वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावांनी निघाली, पण ती १९५० साली. त्याआधी तीन वर्षे, म्हणजे १९४७ साली, कोसंबींनी देह ठेवला होता. पाहुण्याचे ज्ञान हवे, पण मुखपृष्ठावर त्याचे नाव कोठे घालावे याविषयी मात्र मन संकोचते, असा अनुभव या व्यवहारात वारंवार येतो. यास व्यक्तींचे स्वभाव कारण असतातच; पण त्याहूनही मोठे कारण असे की, निमंत्रण देणारी संस्था आणि निमंत्रित यांचे वजन सारखे नसते.

असे असूनही कोसंबींच्या या प्रवासाचे फळ वाया गेले नाही. १९१२ साली परत आल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविण्यास प्रारंभ केला. त्यांचे शिष्य पु. वि. बापट हेही पुढे हार्वर्डला गेले आणि १९३२ साली त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. विसुद्धिमग्ग आणि सहाव्या शतकात चिनी भाषेत उतरलेला विमुत्तिमग्ग यांची त्यांनी केलेली तुलना १९३७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच बापटांनी हिराकावा या जपानी पंडितांच्या सहकार्याने विनयपिटकावरील समन्तपासादिका या अट्ठकथेच्या चिनी रूपाचा अनुवाद केला आणि तो १९७० साली भांडारकर संस्थेने प्रकाशित केला. तेथे दोन्ही नावे प्रथमपासून एकत्र होती. एका पिढीत जे जमले नाही ते पुढच्या पिढीत जमले, याचे कारण मध्यंतरी पुण्यास चिनी वाचू शकणारा विद्वान तयार झाला होता. वजन सारखे झाले, म्हणजे श्रेयाचा तंटा आपोआप मिटतो.

४. भाषेची कसोटी : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

दुसरी कसोटी भाषेची. तिचे सर्वांत लखलखीत उदाहरण सोलापूरचेच आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरास झाला. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर १९३७ च्या अखेरीस चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. पुढील वर्षी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असता या कार्यासाठी निधी गोळा करण्यात आला आणि पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस असे हे पाच जण. कोटणीसांचे वय त्या वेळी अठ्ठावीसही पूर्ण नव्हते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. १९३८ साली भारत हे स्वतंत्र राज्य नव्हते. त्याची परराष्ट्रनीती ठरविण्याचा अधिकार लंडनकडे होता. काँग्रेसने मात्र १९३६ पासून आपला परराष्ट्रविभाग उघडला होता आणि त्याची धुरा तरुण राममनोहर लोहिया यांच्याकडे दिली होती. तेव्हा हे पथक म्हणजे अद्याप जन्मास न आलेल्या राज्याची परराष्ट्रनीती होय. ज्या राष्ट्राकडे सैन्य नव्हते, खजिना नव्हता, त्याने आपली माणसे पाठविली.

कोटणीस हे शल्यवैद्य म्हणून गेले. मग त्यांची गणना अभ्यागत विद्वानांत कशी करावी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर त्यांच्या चीनमधील कामातच आहे. १९३९ च्या फेब्रुवारीत हे पथक येनान येथे पोहोचले. पथकातील इतर एकेक करून परतले. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवर गेले आणि १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. कॅनडाचे शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून हे १९३९ साली तेथेच रक्तदोषाने वारले होते. त्यांच्याच नावाचे हे रुग्णालय. त्यास जोडून वैद्यकीय विद्यालय होते, आणि कोटणीस तेथे अध्यापन करीत असत, तेही चिनी भाषेत. ती भाषा त्यांनी तेथे गेल्यावर शिकून घेतली होती. चिनी विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्रावरील पाठ्यपुस्तक लिहिण्याचे त्यांचे काम चालू असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या आघाताने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यांच्या नावाचा इतिहास बोधप्रद आहे. चिनी लिपी वर्णांची नसल्याने परकीय नाव त्या भाषेत लिहावयाचे, म्हणजे जवळच्या उच्चाराची अर्थवाही चिन्हे निवडावी लागतात. पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या अखेरीस ‘ह्वा’ हे अक्षर योजण्यात आले. हे अक्षर चीन या देशाचे वाचक आहे. कोटणीस हे अशा रीतीने ‘को-ती-ह्वा’ झाले. १९४१ साली त्यांनी क्वो चिंग-लान या परिचारिकेशी विवाह केला, आणि त्यांच्या पुत्राचे नाव ‘यिन-ह्वा’ असे ठेवण्यात आले. यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. परदेशातील पाहुण्याचे नाव यजमानांच्या भाषेत केवळ लिप्यंतरित होऊन राहते की त्या भाषेचा शब्द बनते, यावरून तो किती आत गेला हे कळते.

१९६२ साली उभय देशांत युद्ध झाले आणि १९७६ पर्यंत दोन्ही राजधान्यांत राजदूत नव्हते. पंचशीलाचा १९५४ चा करार, त्याबरोबरच्या घोषणा, शिष्टमंडळांची भाषणे यांतील फारच थोडे या आघातातून वाचले. कोटणीसांचे नाव मात्र वाचले. शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी बेथ्यून यांच्या समाधीप्रमाणेच जतन करण्यात आली. संबंध पुन्हा सुरू झाल्यावर भारतात येणाऱ्या चिनी नेत्यांनी कोटणीसांच्या आप्तांची भेट घेण्याचा पाठ पाडला; २०१३ साली चिनी पंतप्रधान ली ख-छ्यांग यांनीही मुंबईत तो पाळला. सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घराचे स्मारक झाले आहे. सीमेचा वाद या स्मृतीने सुटलेला नाही, आणि तो तसा सुटतही नसतो. परंतु बोलणे पुन्हा सुरू करावयाचे असेल तेव्हा पहिले वाक्य कशाने उच्चारावे, असा पेच पडल्यास दोन्ही बाजूंना मान्य असे एक नाव त्यांच्याजवळ आहे. परराष्ट्रनीतीत याचे मोल कमी नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका व्यक्तीची स्मृती टिकली म्हणून ज्ञानाचा प्रवाह टिकला, असे होत नाही. शांतिनिकेतनात १९३७ साली चीनभवन उभे राहिले, पुण्यास बापटांसारखे विद्वान चिनी ग्रंथ वाचीत होते; परंतु कोटणीसांच्या जन्मगावी त्यांच्यामागून कोणी चिनी भाषेच्या अध्ययनाची परंपरा निर्माण केली नाही. पुतळा उभारणे सोपे असते, वर्ग चालविणे कठीण असते.

५. भाषाशास्त्राची देवाणघेवाण : डेक्कन कॉलेज

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात विद्वानांची सर्वांत मोठी व योजनाबद्ध ये-जा झाली ती भाषाशास्त्राच्या क्षेत्रात. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले होते. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली, रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने, १९५४ पासून तेथे भाषाशास्त्राची सत्रे भरू लागली. उन्हाळ्यात व हिवाळ्यात काही आठवडे देशभरातील तरुण अध्यापक एकत्र येत. अमेरिकेतून आलेले अध्यापक त्यांना स्वनिम, पद, वाक्यरचना यांच्या वर्णनाची नवी पद्धती शिकवीत, आणि भारतीय विद्वान त्यांच्यासह शिकवीत. फेअरबँक्स, होनिग्सवाल्ड, ग्लीसन, फर्ग्युसन, गंपर्झ, ब्राइट ही नावे या योजनेच्या निमित्ताने भारतीय विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली. उलट दिशेने भारतीय तरुण अमेरिकेस गेले. त्यांत अशोक रा. केळकर हे होते. मराठीचा स्वनविचार व पदविचार या विषयावर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९५८ साली प्रबंध सादर केला. पुण्यास शिक्षण घेतलेले अ. कृ. रामानुजन १९५९ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंडियाना विद्यापीठात गेले.

तत्पूर्वी भारतातील विद्यापीठांत भाषाशास्त्र म्हणजे बहुतांशी संस्कृत-प्राकृतावरून आजच्या भाषांपर्यंत येणारी व्युत्पत्ती असे. आता बोलीचे वर्णन, तिचे थर, तिचे सामाजिक भेद हे विषय अभ्यासक्रमात आले. अभ्यागतांनी शिकविलेली पद्धती येथे रुजली, हे खरे. परंतु या भूमीने अभ्यागतांना जे शिकविले ते त्याहून अधिक दूर पोहोचले. ब्राइट यांनी कानडी बोलीभाषेचे वर्णन केले आणि ते १९५८ साली डेक्कन कॉलेजने छापले. त्यातून जातिपरत्वे बदलणाऱ्या बोलींकडे त्यांचे लक्ष गेले व पुढे रामानुजन यांच्यासह त्यांनी भाषापरिवर्तनावर लेखन केले. फर्ग्युसन व गंपर्झ यांनी संपादिलेला दक्षिण आशियातील भाषिक विविधतेवरील संग्रह १९६० साली निघाला. समाजभाषाविज्ञान या शाखेच्या पायाभरणीत या लेखनाचा मोठा वाटा आहे. लहान मुलांशी बोलताना प्रौढ मंडळी जी बोबडी भाषा योजतात, तिच्यावर फर्ग्युसन यांनी १९६४ साली सहा भाषांचा तौलनिक लेख लिहिला. त्या सहांत मराठी होती, आणि मराठीची सामग्री केळकरांची होती. केळकरांचा मराठी बोबड्या भाषेवरील स्वतंत्र लेखही त्याच वर्षी त्यांच्या नावे प्रसिद्ध झाला. श्रेयाच्या कसोटीवर हे उदाहरण कोसंबींच्या उदाहरणापेक्षा निश्चितच सरस ठरते.

गंपर्झ व त्यांचे सहकारी विल्सन यांचे सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावावरील संशोधन सोलापूरकरांनी तर मुद्दाम वाचावे असे आहे. मराठी-कानडी सीमेवरच्या या गावी जैन व लिंगायत कानडी बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी आणि दोरखंडे वळणारी काही कुटुंबे तेलुगू. शतकानुशतके शेजारी राहून या बोलींची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की, एका बोलीतील वाक्यात शब्दाला शब्द ठेवीत गेले असता दुसऱ्या बोलीतील वाक्य तयार होई. वेगळे राहिले होते ते मुख्यतः शब्द. उदाहरणार्थ, तेथील मराठी व उर्दू यांचा कल नामांचे लिंग कानडीप्रमाणे अर्थावरून ठरविण्याकडे दिसला. हा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून भाषासंपर्काच्या अभ्यासात तो जगभर आधारभूत मानला जातो. ज्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चार भाषा एकाच पेठेत ऐकू येतात, तेथील विद्यार्थ्याला कुपवाडचा दाखला प्रथम परदेशी पाठ्यपुस्तकात भेटावा, ही गोष्ट अभिमानाची तशीच अंतर्मुख करणारी आहे.

येथेच या देवाणघेवाणीतील एक मूलभूत विषमता दृष्टीस पडते. अमेरिकन विद्वान येथे आला तो कानडी, हिंदी वा मराठी अभ्यासण्यासाठी. येथील विद्वान तेथे गेला तोही, कॉर्नेलमध्ये बसून, मराठीच अभ्यासण्यासाठी. दोन्ही दिशांच्या प्रवासांत अभ्यासविषय भारत हाच होता. अमेरिकेतील आदिवासी भाषांचे वर्णन करावयास पुण्याहून कोणी गेल्याचे दिसत नाही. द्रव्य ज्याचे, जिज्ञासा त्याची, हे वर म्हटले ते याच अर्थाने. या दृष्टीने कोटणीसांचे उदाहरण विरळा होय. ते दुसऱ्याच्या भाषेत गेले ते आपल्याविषयी सांगण्यासाठी नव्हे, तर त्या भाषेत त्या लोकांचे काम करण्यासाठी.

६. हेतूची कसोटी

तिसरी कसोटी हेतूची. १९६८ साली असे उघडकीस आले की, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील हिमालयीन सीमाप्रदेशांच्या एका संशोधनप्रकल्पास अमेरिकेच्या संरक्षणखात्याचा पैसा मिळत होता. भारतात यावर मोठा गदारोळ झाला. ‘विद्याक्षेत्रातील वसाहतवाद’ हा शब्दप्रयोग त्या सुमारास रूढ झाला, आणि पुढील वर्षांत परदेशी संशोधकांना परवाने देण्याचे नियम कडक झाले. आक्षेप घेणाऱ्यांत बर्कलेचेच मानवशास्त्रज्ञ जेराल्ड बेरेमन हेही होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अशा प्रकरणाचा परिणाम त्यातील दोषी प्रकल्पापुरता राहत नाही. ज्यांचे काम सर्वस्वी उघड होते, जे खेड्यात राहून भाषा शिकत होते, त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात. एकाने हेतू झाकला, म्हणजे त्याची किंमत शंभरांना मोजावी लागते. म्हणून राज्याचा पैसा घेणे हा दोष नव्हे. तो लपविणे हा दोष होय. फुलब्राइट योजनेमागे अमेरिकेचे हित होते, हे कोणापासूनही लपलेले नव्हते, आणि म्हणूनच ती टिकली. त्याचप्रमाणे १९३८ चे वैद्यकीय पथक जपानी आक्रमणाविरुद्ध एका पक्षाची बाजू घेऊन गेले होते, हेही सर्वांना ठाऊक होते.

याउलट, ज्याचा हेतू स्वच्छ आणि भाषा पक्की, अशा अभ्यागताचे काम राजकारणाच्या चढउतारांपासून बरेच अलिप्त राहते. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर हे याचे उत्तम क्षेत्र होय. फ्रेंच विद्वान गी द्लरी यांनी केलेला तुकारामांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ साली पॅरिसमध्ये निघाला, आणि विठोबाच्या संप्रदायावरील त्यांचा ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोव्हा यांनी मराठीचा व पंढरीच्या वारीचा अभ्यास सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरही पुढे चालविला. करार बदलले, राज्ये बदलली, पण विषय सुटला नाही. कारण विषयाशी संबंध भाषेच्या द्वारे जडलेला होता.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, विद्वानांच्या ये-जेने राष्ट्रांची धोरणे बदलत नाहीत. ती इतर कारणांनी बदलतात. परंतु धोरण प्रतिकूल झाल्यावरही दोन समाजांत काहीतरी शिल्लक राहावे, एवढे काम ही ये-जा करू शकते. ते शिल्लक राहील की नाही, हे श्रेय, भाषा आणि हेतू या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. कोसंबींच्या बाबतीत श्रेयास विलंब झाला, पण शिष्यपरंपरेने तो भरून काढला. डेक्कन कॉलेजच्या योजनेत श्रेय वाटले गेले, पण जिज्ञासा एकाच दिशेने वाहिली. कोटणीसांच्या बाबतीत भाषा व हेतू दोन्ही पूर्णत्वास पोहोचले, पण मागे परंपरा राहिली नाही.

यावरून एखाद्या प्रादेशिक विद्यापीठाच्या विभागास काही व्यावहारिक नियम काढता येतील. येणाऱ्या अभ्यागताने स्थानिक भाषेचे किमान ज्ञान आधी संपादावे किंवा आल्यावर प्रथम तेच संपादावे. त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांची व टिपणांची एक प्रत येथील ग्रंथालयात राहावी. त्याच्यासोबत काम करणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्याचे नाव ऋणनिर्देशात नव्हे, तर लेखकांत यावे. द्रव्य कोणाचे, हे पहिल्याच दिवशी सांगितले जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक येणाऱ्यामागे येथून एक जाणारा असावा, व त्याने तेथे जाऊन आपल्याविषयी नव्हे, तर त्यांच्याविषयी काही शिकून यावे.

हा शेवटचा नियम सर्वांत खर्चाचा आहे आणि म्हणूनच तो बहुधा पाळला जात नाही. चार भाषांच्या शेजारात वाढलेल्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला पाचवी भाषा परकी वाटण्याचे फारसे कारण नाही. त्या शिदोरीवर तो चीनला, जपानला वा आफ्रिकेतील एखाद्या देशाला जाईल आणि तेथील समाजाविषयीचे ज्ञान मराठीत आणील, तर परराष्ट्रसंबंध ही केवळ दिल्लीची बाब राहणार नाही. सोलापूरच्या एका तरुणाने १९३८ साली तो मार्ग चालून दाखविला आहे. त्या मार्गाने जाणाऱ्यांची रीतसर तयारी करून देणे, हे विद्यापीठांचे काम आहे.